सुतकातला कोबी

आई गेली तेव्हा घरामागच्या परड्यात कोबीची बहात्तर रोपं होती. सहा वाफे, एका वाफ्यात बारा. लावली त्या दिवशी तिने मला फोनवर सांगितलं होतं, म्हणून आकडा पक्का माहीत होता. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून संपायचे होते. सकाळी ती गोठ्यातून आली, गॅसवर चहा ठेवला आणि खाली बसली ती बसलीच. मी कोल्हापुरात कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. कोडोली तिथून तासाभरावर आहे. त्या दिवशी मला दोन तास लागले.

सुतकात परड्यात पाऊल टाकायचं नाही, हा आईचाच नियम. आजी वारली तेव्हा मी दहावीत होते. ते तेरा दिवस भेंडी जून झाली, दोडके वेलावर वाळले, पण आईने एकाला हात लावला नाही. सुतकी हात लागला की रोप झुरतं, असं ती म्हणायची. माझा यावर विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही. तरी मी नियम पाळला. घर पाहुण्यांनी भरलं होतं, त्यांच्यादेखत वाद नको होता. शिवाय आईचे इतके नियम मी मोडले होते की हा एक तरी पाळावा असं वाटलं.

शेजारच्या चिमणाबाईला आमचं सुतक नव्हतं, तिची भावकी वेगळी. ती कुंपणावरून पाइप टाकून रोज पाणी मारायची. सत्तरीची बाई, लांबचं नीट दिसत नाही. "हिरवंगार हाय बघ," असं ओरडून सांगायची आणि पाइप गुंडाळायची.

तेराव्याची जेवणं झाल्यावर माझ्या मोठ्या भावाने, ऋतुराजदादाने, विषय काढला. तो पुण्यात असतो, नवव्या मजल्यावर. तो वाईट नाही. आण्णांच्या, आमच्या वडिलांच्या, कॉटपाशी खाली बसून तो हळू आवाजात बोलत होता.

"आण्णा, इथं एकट्यानं कसं राहणार तुम्ही? चला माझ्याबरोबर."

आण्णा बैठकीच्या सोप्यातल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई गेल्यापासून ते तसेच होते. अर्धी भाकरी, चहा, आणि परत भिंत. आम्हाला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही.

"तिचा कोबी परड्यात हाय," ते म्हणाले. "तो निघाल्याबिगर मी कुठं येत न्हाय."

दादाने माझ्याकडे पाहिलं. गाडीत बसताना मला म्हणाला, "दोन महिने. संक्रांतीनंतर मी न्यायलाच येतो. तोवर तू बघशील?"

मी बघेन म्हणाले. महिन्याची रजा टाकली. दादाच्या घरी आण्णा पूर्वी एकदा आठ दिवस राहिले होते. गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या गाड्या बघत बसायचे. लिफ्टची भीती वाटते हे कुणाला सांगता येईना, म्हणून आठ दिवसांत एकदाही खाली उतरले नाहीत. ताप घेऊन परत आले. ते तिथे जगणार नाहीत हे मला ठाऊक होतं. दादालाही असावं. माझा हिशेब साधा होता. कोबी भरला, तो त्यांच्या ताटात पडला, तर त्याच वाफ्यात पुढे काय लावायचं हे ते आपसूक बोलतील. शेतकरी माणूस रिकामा वाफा बघू शकत नाही. एकदा तेवढं बोलले की कॉटवरून उठतील. आणि उठलेल्या माणसाला दादाही नेणार नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी मी परड्याचं फाटक उघडलं.

लांबून खरंच हिरवं होतं. जवळ गेल्यावर पानांतून पलीकडची माती दिसत होती. पान पुरतं खाल्लेलं नव्हतं. वरचा पापुद्रा तेवढा ठेवला होता, बटर पेपरसारखा. पान उलटं केलं तर खाली बारीक, पोपटी अळ्या. बोट लावलं की वळवळत मागे सरायच्या आणि धाग्याला लोंबकळून खाली उतरायच्या. मी फोनवर शोधलं. चौकोनी ठिपक्यांचा पतंग, कोबीवरची नेहमीची कीड. अंडी फुटायला तीन-चार दिवस, अळी वाढायला आठ-दहा. मी बोटांवर मोजलं. बरोबर तेरा दिवस भरले.

आई रोज सकाळी पानं उलटायची. पहिल्या दोन दिवसांत तिने अंडी बोटाने पुसून टाकली असती.

बावीस रोपांचा शेंडाच गेला होता. त्यांना गड्डा धरणार नव्हता. ती उपटून मी म्हशीपुढे टाकली.

संध्याकाळी चहा घेऊन गेले तर आण्णांनी तोंड इकडे केलं. "कोबी कसा हाय?"

दोन आठवड्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेली ही पहिली गोष्ट.

"चांगला हाय," मी म्हणाले.

"अळी?"

"न्हाय. एखादी-दुसरी."

त्यांनी मान हलवली आणि त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली. म्हणून दुसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं.

सकाळ-संध्याकाळ मी अळ्या वेचत होते. साबणाच्या पाण्याचा डबा मांडीशी ठेवायचा, पान उलटायचं, अळी चिमटीत धरायची, डब्यात टाकायची. पन्नास रोपं, प्रत्येकाला आठ-दहा पानं. शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचले की पहिल्या वाफ्यात नव्या निघालेल्या असायच्या. चुलीतली राख चाळून टाकली, ती दवाने चिकटून पानं करपली. निपाणीची तंबाखू भिजवून पाणी मारलं. दोन दिवस अळ्या सुस्तावल्या, मला चक्कर आली, तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा खायला लागल्या.

मग मी वाचलं की जाळी घालावी, म्हणजे पतंगाला पानापर्यंत पोचताच येत नाही. घरात दोन जुन्या मच्छरदाण्या होत्या. बांबू रोवून मी त्या दोन वाफ्यांवर ताणल्या, कडा मातीत पुरल्या. चिमणाबाई कुंपणाशी येऊन बघत उभी राहिली.

"का गं नंदे, कोबीला डास चावत्यात व्हय?"

"पाखरू आत येऊ नये म्हणून, मावशी."

"मग पंखा बी लाव की एक. आणि हळदीचं दूध पाज रातचं."

मला हसू आलं. आई गेल्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच. आठवड्याने जाळी उचलली तर आतून करड्या पतंगांचा धुरळा उठला. कोष आधीच पानांवर होते. त्यातून निघालेले पतंग बाहेर जाऊ शकले नव्हते, आणि त्यांना खाणाऱ्या साळुंक्या आत येऊ शकल्या नव्हत्या. त्या दोन वाफ्यांत देठ तेवढे उरले होते.

"साळुंक्या रोज हितं बसून बघत हुत्या," चिमणाबाई म्हणाली. या वेळी तिने चेष्टा केली नाही. "झाकल्या ताटाकडं बघावं तशा. मला वाटलं तुला ठावं असंल, तू शिकल्याली."

कुंपणावरून हात लांबवून तिने एक पान चाचपलं. "तुझी आई निंबोळ्याचं पाणी मारायची. माळ्यावर डबा असंल बघ. आखाडात गोळा करती ती दरसाल."

करती, असं म्हणाली. तिच्या ते लक्षात आलं नाही.

डबा होता. तेलाचा पंधरा किलोचा डबा, निंबोळ्यांनी पाऊण भरलेला, वर वर्तमानपत्र झाकलेलं. त्यातल्या दोन शेर मी कुटल्या, रात्रभर भिजवल्या, सकाळी जुन्या पातळातून गाळल्या, साबणाचा चुरा घातला. कडुनिंबाचीच डहाळी बुडवून शिंपडायला लागले. तेव्हा अकरा रोपं उरली होती. बहात्तरातली अकरा, सगळी विहिरीकडच्या वाफ्यात. पण त्या अकरांनी गड्डा धरायला सुरुवात केली होती. आतली पानं एकमेकांवर मिटत होती, पेरूएवढी झाली होती.

परड्याचं फाटक सोप्याच्या मागच्या दारासमोरच आहे. सप् सप् असा आवाज आत जात असणार. मी तिसऱ्या रोपाशी होते.

"तसं न्हाय बसत पानाखाली."

आण्णा दारात उभे होते. धोतराचा सोगा एका हातात, दुसरा हात चौकटीला. महिन्याची दाढी. उजेडात ते मला अगदी लहान दिसले.

"अळी पानाखाली. तू पाणी मारतीस पानावर. पंप पायजे त्याला."

"तुम्ही बसा आण्णा, मी आणते."

"तुला घावायचा न्हाय."

ते गोठ्यात गेले आणि पाठीवरचा पंप घेऊन आले. त्याच्या पट्ट्याला लाल चिंधी होती. तो आईचा पंप, वरच्या खुंटीचा. त्यांनी झाकण काढलं, मी गाळलेलं पाणी ओतलं. मला पाठीवर घेऊ देईनात. पट्टे खांद्यावर चढवताना क्षणभर डुलले, मग स्थिर झाले.

मग त्यांनी वाफ्यांकडे पाहिलं. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण दुसऱ्याने दिसतं. पाच वाफे उघडे पडले होते. मी बोलायला तोंड उघडलं.

"नांग्या लई पडल्यात," रोपं गेलेल्या मोकळ्या जागा बघून ते एवढंच म्हणाले आणि पहिल्या रोपाशी वाकले.

"हे बघ. नळी खालनं वर धरायची. पान आपसूक उलटतंय. तुझी आई वाकायची न्हाय, बसून मारायची, गुडघं दुखायचं तिचं." अकरा रोपांना त्यांनी अर्धा तास लावला. शेवटी पंप उतरवून विहिरीच्या कट्ट्यावर बसले, घाम पुसला. "आठ दिवसानं परत मारायचा. गड्डं धरत्यात की. पंधरा-वीस दिवसांत भरत्यात."

त्या रात्री त्यांनी दीड भाकरी खाल्ली. वर म्हणाले, "कोबी निघाला की हितं कांदा लावू. तरू सांगून ठेवाय पायजे अमरसिंहला." तरू म्हणजे लावणीची रोपं. अमरसिंह माझा चुलतभाऊ. आमचा ऊस तोच बघतो.

मी भांडी घासता घासता थांबले आणि नळ तसाच वाहू दिला. कांदा, ते म्हणाले होते. दादाला मेसेज केला की आण्णा आज पंप पाठीवर घेऊन परड्यात आले. त्याने अंगठा पाठवला, मग थोड्या वेळाने, "खरंच?"

दोन दिवस सगळं ठीक होतं. अळ्या मेल्या. मी पानं उलटून पाहत होते आणि काही सापडत नव्हतं. आण्णा सकाळी दाढी करवून आले.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा वळल्यासारख्या वाटल्या. मला वाटलं ऊन. चौथ्या दिवशी देठ पिळवटले होते, धुतलेलं कापड पिळून ठेवावं तसे. पाचव्या दिवशी गड्डे उकलले. मिटत आलेली पानं उलट्या बाजूला वळून वाकडी उभी राहिली होती आणि बुंधा सुजून उभा चिरला होता. अकराच्या अकरा. एकावरही अळी नव्हती.

अर्क कडक झाला असेल म्हणून मी फोनवर शोधत बसले. निंबोळीने असं होत नाही. मग गोठ्यात गेले, लाल चिंधीचा पंप खाली घेतला, झाकण उघडून आत नाक घातलं. फिनेलसारखा, त्याहून आंबट वास. आमच्याकडे हा वास लहान मुलालाही ओळखू येतो.

ऊस करणाऱ्या प्रत्येक घरात दोन पंप असतात. एक तणनाशकाचा, एक बाकी सगळ्याचा. उसात मारायचं तणनाशक रुंद पानाचं तण मारतं, उसाच्या पात्याला काही करत नाही. भाजीही रुंद पानाचीच असते. म्हणून तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी भाजीला वापरायचा नाही, वेगळ्या खुंटीला ठेवायचा. भाजीचा पंप चटकन ओळखू यावा म्हणूनच आईने त्याला लाल चिंधी बांधली होती.

मी अमरसिंहला फोन लावला.

"व्हय की," तो म्हणाला. "काकींचाच पंप नेलता. तणनाशकाच्या पंपाचं नोझल तुंबलतं, आणि उसाची नवी लागण तणानं भरलती. काकींचं दिवस घालायच्या, तेराव्याच्या, आदल्या आठवड्यात. का, काय झालं? धुऊन ठेवलाय की मी. दोन पाण्यानं धुतला."

त्याने खुंटीही चुकवली नव्हती. जिथून घेतला तिथेच, चिंधीसकट टांगला होता. सुतकात आमचा ऊस त्याने एकट्याने सांभाळला होता. मी त्याला काय बोलणार?

आण्णांना सांगायचं नाही असं मी ठरवलं. कीड आली म्हणून सांगायचं, रोपं उपटून टाकायची. फाटकाशी पोचले तर ते आधीच वाफ्यात उकिडवे बसले होते. एक पान देठाशी धरून त्यांनी डोळ्याजवळ नेलं होतं.

"आण्णा, परत अळी आली—"

"तणनाशक हाय हे."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"डोळं गेलं माझं," ते म्हणाले. "चिंधी दिसली मला. दिसली असं वाटलं. दुसराच घेतला मी."

"न्हाय आण्णा. पंप बरोबर होता. आईचाच होता. अमरसिंहनं तो उसात वापरलता, मी आत्ता त्याला विचारलं."

"त्याच्यावर नगं घालू."

"खरं सांगते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "रोज सांजचं इचारत हुतो तुला, कोबी कसा हाय. रोज चांगला म्हणालीस. बहात्तरातली अकरा उरली तवाबी चांगला म्हणालीस. मला बरं वाटावं म्हणून. ठावं हाय मला. आताबी तसंच."

"तेव्हा खोटं बोलले, आण्णा. आता न्हाय."

"असू दे," ते म्हणाले आणि माझ्या खांद्याला धरून उठले.

मी अमरसिंहला बोलावून घेतलं. तो दिवे लागायच्या वेळी आला, उसातून थेट, पायांना चिखल. सोप्याच्या पायरीवर उभा राहिला.

"काका, चूक माझी हाय. काकींचा पंप मी नेलता. माझ्या डोक्यातच न्हाई आलं."

"बस. चा घे," आण्णा म्हणाले.

"शप्पथ काका. पायजे तर माझ्या पोरांची—"

"पोरांची शप्पथ घेऊ नये." आण्णांनी त्याला हाताने खाली बसवलं. "हिनं फोन केलता व्हय तुला?"

"केलता की."

"मग झालं."

अमरसिंहने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. त्याला कळेना, आपण कबूल करतोय तरी आपल्यावर दोष का येत नाही. तो चहा प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला, दारात चप्पल घालताना मला हळूच म्हणाला, "काका ऐकत न्हाईत गं. मी अजून काय करू?" त्याच्यापाशी करण्यासारखं काही नव्हतं.

रात्री आण्णांनी दूध घेतलं. ताट पुढे केलं तर हाताने सारलं. मग परत भिंतीकडे तोंड केलं.

"तिच्या हातची शेवटची रोपं," ते म्हणाले, "ती बी मी मारली."

मी पुन्हा सगळं सांगितलं. खुंटी, नोझल, वास. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं, मुलांचं पाठांतर ऐकावं तसं. मग म्हणाले, "ऋतुराजला सांग, कवाबी ये म्हणावं. माझं आता हितं काय काम न्हाय."

दादा रविवारी आला. त्याला सगळं सांगितलं. तोही आण्णांशी बोलला, पण मला वाटतं त्यालाही नक्की काय मानावं ते कळलं नाही, आणि त्याने ते फार खणलं नाही. आण्णांची एक पिशवी झाली. गाडीत बसताना चिमणाबाई येऊन उभी राहिली. "नऊ मजलं चढून येणार न्हाय मी भेटाय," ती म्हणाली. "तुम्हीच या खाली." आण्णांनी तिला हात जोडले. सगळ्या आयुष्यात त्यांनी तिला हात जोडल्याचं मी पाहिलं नव्हतं.

म्हैस अमरसिंह घेऊन गेला. मी एक दिवस मागे राहिले, भांडी पालथी घालायला, दारं बंद करायला. अकरा रोपं मी उपटली. ती म्हशीला घालता येत नव्हती, उकिरड्यातही टाकता येत नव्हती. विहिरीच्या पलीकडे खड्डा काढून पुरली.

अमरसिंह कुदळ परत न्यायला आला होता. वाफ्यांवरून पायाने माती सारत तो जरा वेळ घुटमळला.

"राग मानू नको नंदे, एक विचारू?"

"विचार की."

"हे परडं असंच पडून राहिलं तर तणानं भरंल. विहिरीपतोर उसाची सरी आत घेऊ का? चार-पाच सऱ्या बसत्यात."

त्याने माझ्याकडे न बघता विचारलं होतं, आणि प्रश्न बरोबर होता. कुणीतरी कधीतरी विचारणारच होतं.

"घे," मी म्हणाले आणि फाटकाची किल्ली त्याच्या हातात दिली.